सबवूफरचा वाद अर्धाच राहिला, दादा

दादा, तुझी तेरवी झाली. लोकं जेवले, हात धुतले, "चांगलं मरण आलं, त्रास नाही झाला" म्हणाले आणि आपापल्या घरी गेले. मी कोणाले काही बोलली नाही, कारण वहिनीनं डोळे वटारले होते. नाही तर एकेकाले धरून विचारणार होती, काय चांगलं दिसलं गा तुम्हाले याच्यात? धडधाकट माणूस इतवारीच्या बाजारात एक वायर आणाले जातो, गाडी बाजूले लावून दुकानाच्या पायरीवर बसतो आणि उठतच नाही. त्रास त्याले नसेल झाला. मले होऊन राहिला ना.

वरची खोली तशीच आहे. बेसा वस्तीतल्या तुझ्या घरावर आपण काढलेला एवढासा स्टुडिओ, ज्याले शेजारचे अजून गाण्याची खोली म्हणतात. टेबलावर दोन स्पीकर, समोर मधोमध माझी खुर्ची, बाजूले तुझा स्टूल, आणि खिडकीखाली जमिनीवर तो काळा सबवूफर, ज्याच्यापायी आपण भांडलो. तू गेल्यापासून मी इथंच आहे, रोज सकाळी वर येते, झाडू मारते, त्याच्या भोवतीनं मारते. घरच्यांले वाटते बाई मोठी धीराची, लगेच कामाले लागली. काम बिम काही नाही. मी नुसती बसून राहते आणि जेवणाच्या वेळी खाली जाते.

तेरवीले फोटो लावायचा तर तुझा एकही धड फोटो निघू नये? सगळ्यात तू वाकलेला. कुठं टेबलाखाली घुसलेला, कुठं तोंडात चिकटपट्टी धरलेला, कुठं नुसती पाठ. शेवटी कोणाच्या तरी लग्नातला एक कापून मोठा केला, त्यातही तू कॅमेऱ्याकडे पाहतच नाही, तिथल्या डीजेच्या स्पीकरकडे पाहून राहिला. त्यालेच हार घातला. वहिनी रडता रडता हसली. मले हसू नाही आलं, राग आला. एकदा तरी आमच्याकडे पाहून घ्यायचं होतं.

आणि कन्हानच्या काकूंचं मी काय करू, ते सांग आधी.

मागच्या वर्षी त्यांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग आपण या दोन लहान स्पीकरांवर ऐकून दिलं. आपल्याले ढोलकी बारीक वाटली, आपण वाढवली. त्यांनी ते उत्सवात मंडपातल्या स्पीकरच्या मोठ्या डब्ब्यांवर लावलं, आणि तिथं ढोलकी अशी फुगली की बायांचा आवाज पार गडप. काकू आल्या तेव्हा मले वाटलं आता तोंड सोडतात. पण त्या स्टूलावर बसून पदरानं घाम पुसत एवढंच म्हणाल्या, "भाऊ, माझी सून विचारत होती, आई, याच्यात तुम्ही कुठं गायल्या?" तुझं तोंड उतरलं. तू म्हणाला, "काकू, वापस गा. यावेळी तुमचा आवाज बुडला तं मी या खोलीले कुलूप लावतो." असा शब्द देते का कोणी? तू दिला. त्या बिचाऱ्या पुन्हा टेम्पो करून आल्या, पुन्हा गायल्या, मस्त गायल्या. ते गाणं जोडायचं, मापात बसवायचं राहिलं आहे. तू निघून गेला आणि शब्द माझ्या गळ्यात.

सबवूफर त्याच्यासाठीच आणला आपण. तू काकूंले समजावून सांगितलं होतं, "हा डब्बा फक्त खालचा आवाज काढते. ढोलकीचा धम. ताकद त्याची त्याच्या पोटातच आहे, वेगळी मशीन लागत नाही. आता आम्हाले इथं बसूनच समजन तुमच्या मंडपात काय होणार ते." काकूंनी त्याले हात लावून नमस्कार केला. तुले काय आनंद झाला होता तेव्हा! जसा काही तो डब्बा तूच पोटात वाढवला.

पण आणून ठेवला म्हणजे झालं असं थोडंच असते. त्याले जागा लागते. एकाच खोलीत इथं ठेवला तर घुमतो, तिथं ठेवला तर मुका होतो. तू कुठून तरी ती तऱ्हा शिकून आला. सबवूफर ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचा, आणि ऐकणाऱ्यानं जमिनीवर रांगत फिरायचं. जिथं खालचे सगळे सूर सारखे येतात, ना फुगलेले ना हरवलेले, तीच त्याची जागा. मी म्हटलं, "बह्याड झाला का तू?" पण तू ऐकतो कुठं. तो धोंडा माझ्या खुर्चीवर चढवला, आवाज लावला, आणि टोंगळ्यांवर रांगाले लागला. वहिनी चहा घेऊन आली ती दारातच उभी. "हे काय होऊन राहिलं वं ताई?" मी म्हटलं, "काही नाही वहिनी, तुमचे हे लहान झाले." तू खालूनच ओरडला, "चूप राहा ना दोघी! बास, खालचा आवाज, ऐकू द्या." वहिनीले इतकं हसू आलं की चहा बशीत सांडला. मग तू मलेही रांगाले लावलं. पन्नाशीच्या आसपासचे दोन माणसं, चार पायांवर, भिंतीले कान लावून. तेव्हा कोणी फोटो नाही काढला.

मले खिडकीखालची जागा पटली. तुले कोपरा पाहिजे होता.

"कोपऱ्यात बास भरून येते, सुमे."

"भरून नाही येत, फुगतो. असाच फुगून त्यानं काकूंले बुडवलं."

"तुले ऐकू नाही येत."

"तुझे कान गेले, दादा. डीजेवाल्यांच्या मागं फिरून फिरून गेले."

आता सांगते, मले तेव्हाही माहीत होतं तुले कोपरा काहून आवडतो. तू जमिनीवर पाठ टेकून झोपला होता आणि डोळे मिटून ऐकत होता. आपण कोष्ट्याचे पोरं. बाबा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचे, आणि आपण तिथंच बाजूले सतरंजीवर निजायचो. मागाचा ठोका आधी पाठीत यायचा, कानात मागून. तू तेव्हापासून बास पाठीनंच ऐकत आला. कोपऱ्यात फरशी जास्त थरथरते, म्हणून तुले वाटलं तिथंच खरा आवाज आहे. मी म्हटलं, "अरे लोकं मंडपात झोपून भजन ऐकतात का?" तू उठून बसला, मान हलवली, आणि स्वतःच तो डब्बा ढकलत खिडकीखाली आणला. "घे बापा, तुझं खरं." मी दिवसभर मिरवली. खिडकीपर्यंत वायर जेमतेम पोचली, ताणल्यासारखी झाली. तू म्हणाला, लांब वायर आणावी लागन.

माझ्या खिडकीपायी तू इतवारीले गेला, दादा. हे मी अजून कोणाले बोलली नाही. कोपऱ्यात राहिला असता तर ती जुनी वायर पुरत होती.

बाबांच्या मागाची फळी आठवते? तू इतकी वर्षं सांभाळून ठेवली आणि सबवूफरच्या खाली नेऊन घातली. "जमिनीपासून जरा वर पाहिजे," म्हणे. आवाज लावला की कुठून तरी बारीक झर्रर्र. आपण ट्यूबलाइट काढली, खिडकीच्या काचेत कागद कोंबले, देवाचा फोटोसुद्धा उतरवला. तू भिंतीभिंतीले हात लावून फिरला. आणि ती झर्रर्र त्या चिरलेल्या फळीतूनच निघत होती. मी म्हटलं काढ, तू म्हणे बाबांचं लाकूड आहे. मी म्हटलं, "बाबा असते तं त्यांनीच चुलीत घातलं असतं." तू इतका हसला की खोकला लागला. मग वहिनीची जुनी गोधडी घडी करून मधात घातली, फळी राहिली आणि झर्रर्र गेली. त्या दिवशी घरी जाताना मले वाटलं होतं, किती बरं चाललं आहे आपलं. खरंच वाटलं होतं. तुले सांगितलं नाही, आपल्यात कुठं असं बोलायची पद्धत आहे.

उलट बोलायची मात्र पद्धत होती. मी चांगलं म्हटलं की तू नाक मुरडणार. मी तबला कमी म्हटलं की तू जास्त म्हणणार. मग मी चिडून पुन्हा ऐकायची, पुन्हा ऐकायची, आणि कधी माझं खरं निघायचं, कधी तुझं. तरी मधली खुर्ची तू कधी घेतली नाही. बाहेरचं कोणी आलं आणि "इंजिनिअर साहेब कुठं आहेत" विचारलं की तू स्टूलावरूनच माझ्याकडे बोट दाखवायचा. "ह्या काय बसल्या." त्या माणसाचं तोंड पाहाले तुले फार आवडायचं. मलेही आवडायचं. मले त्या खुर्चीत तू बसवलं, नाही तर मी कुठं तरी दुकानात पावत्या फाडत असती.

शेवटचं भांडण फेजचं. सबवूफरच्या मागं ते लहानसं बटन आहे, एका बाजूले शून्य, एका बाजूले एकशे ऐंशी. वहिनीले तू त्याच्यासाठी सतरंजी झटकून दाखवली होती. एक टोक तिच्या हातात, एक तुझ्या. "दोघांचे हात सोबत वर गेले तं सतरंजी उडते. माझा वर आणि तुझा खाली, तं नुसती लोंबते. या डब्ब्याचं आणि त्या स्पीकरांचं तसंच आहे." दोघांचे हात सोबत जातात की नाही, हे पाहाले दोन माणसं लागतात. एकानं खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकायचं, दुसऱ्यानं मागं बसून बटन फिरवायचं. ज्या बाजूले धम भरदार, ती बाजू खरी.

कूलर बंद केला होता, त्याच्या घरघरीत खालचं काही समजत नाही म्हणून. घामानं नुसते निथळून राहिलो होतो. मी खुर्चीत, तू सबवूफरच्या मागं. "आता? आणि आता?" मले एकशे ऐंशीवर भरदार वाटला. मग आपण जागा बदलल्या. तू खुर्चीत बसला, आणि म्हणाला शून्यावर. मी म्हटलं पुन्हा ऐक. तू म्हणाला, "शून्यच. तू ऐक." मी पुन्हा बसली, मले पुन्हा एकशे ऐंशीच. फरक बारीकच होता, पण होता. बोलता बोलता आवाज चढले. तू म्हणाला, "तुले माझ्या उलटंच बोलायचं असते." मी म्हटलं, "आणि तुले माझ्या!" मग तू कूलर लावला, त्याच्यासमोर शर्टाची बटनं उघडून उभा राहिला, आणि म्हणाला, "उद्या पाहू. आधी वायर आणतो." त्याच्यानंतर आपण काही बोललोच नाही. मी जाताना तू पाठमोरा होता.

परवा मी हिंमत केली. काकूंचा फोन आला होता. "बाई, घाई नाही," म्हणाल्या, आणि मग, "पण भाऊ म्हणाले होते, ऐकूनच देतो म्हणून." मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवून वर आली. कूलर बंद केला. आवाज लावला. मागं जाऊन बटन फिरवलं, उठून खुर्चीत येऊन बसली. पण खुर्चीत येईपर्यंत आधीचा आवाज कानातून गेलेला असतो, गा. पुन्हा उठली, पुन्हा बसली. काही समजेना. मले काही म्हणजे काहीच समजेना. इतकी वर्षं या कानांवर मी मिरवली, आणि आता ढोलकी एक बाजूले तशी, दुसऱ्या बाजूले तशी, दोन्ही सारख्याच मेल्या. मी कूलरही लावला नाही, तशीच रडत बसली.

आज दुपारी वहिनी स्वतःच वर आली. तू गेल्यावर पहिल्यांदा. दारात थांबली, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "ताई, मी धरू का मागं? दोन माणसं लागतात ना याले." मले वाटलं तिले गच्च धरावं. मी नुसतं बटन दाखवलं. ती पदर खोचून सबवूफरच्या मागं बसली, अगदी तुझ्या जागी. "करंट तं नाही ना वं लागणार?" मी म्हटलं, नाही. आवाज लावला, खुर्चीत बसली, डोळे मिटले. तिनं बटन इकडं केलं, तिकडं केलं, विचारत राहिली कोणतं बरं आहे. मले तिच्या बांगड्यांचाच आवाज येत होता.

मग मी ठरवलं. ऐकायचंच नाही. तू शून्य म्हणाला होता, तर शून्य. एकदा तरी तुझं म्हणणं मुकाट्यानं ऐकते. काकूंचं भजन तुझ्या म्हणण्यावर होऊ दे. असं ठरवलं आणि मले किती हलकं वाटलं, तुले सांगता येत नाही.

"वहिनी, राहू द्या," मी म्हटलं. "शून्यावर करा आणि या. दादा शून्य म्हणत होता."

ती उठली नाही. बटनावर बोट तसंच. "ते म्हणत होते म्हणून करून राहिल्या का, ताई?"

"हाव."

"तसं नका करू वं." ती माझ्याकडे न पाहता बोलली. "त्यांचं ते काही खरं नसे. रात्री जेवताना मले सांगत ना. म्हणत, सुमीचा कान माझ्याहून चांगला आहे, पण ती एकदा ऐकून उठते. मी उलट बोललो की चिडून चारदा ऐकते. म्हणून मी उलटच बोलतो, तिनं काही म्हटलं तरी."

मी विचारलं, "दरवेळी?"

"तसंच म्हणत."

"मग याच्यातही? फेजच्या वेळीही?"

"मले काय माहीत, ताई? त्या दिवशी ते काही बोललेच नाही. जेवून झोपले."

ती समजली आपण काही तरी चुकीचं बोलून बसलो. "मी तं तुमच्या चांगल्याचं सांगितलं वं," म्हणाली आणि रडाले लागली. तिचा काय दोष? तिले वाटलं नणंदेले तिचा मान वापस देऊन राहिली. आणि मले तुझा तो शून्याचा शब्द एवढाच तर उरला होता, तोही गेला.

म्हणजे काय, दादा? आपण इतकी वर्षं भांडलो, त्यातलं कोणतं भांडण खरं होतं? तबला खरंच जास्त पाहिजे होता का? कोपरा तरी खरा होता का, का तेही मले पुन्हा ऐकाले लावायचं होतं? आणि कोपरा खरा नव्हता, तर त्या लांब वायरीचं काय? तू चांगल्यासाठीच केलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण तुझं उलट बोलणं ऐकून ऐकूनच माझा कान इतका तयार झाला. तू काही म्हणायचा तेव्हाच मले काही वाटायचं. आता तू काही म्हणत नाही, तर मले दोन्ही बाजू सारख्याच येतात. तू मले ऐकाले शिकवलं ते तुझ्यासोबतच्या भांडणात, आणि एकटीनं कसं ऐकायचं ते सांगायचं राहूनच गेलं.

वहिनी डोळे पुसून पुन्हा बटनाले बोट लावून बसली आहे. वाट पाहून राहिली. खाली फोन वाजून राहिला, काकूंचाच असन. मी तुझ्या स्टूलाकडे पाहून राहिली आहे, आणि एवढंच विचारून राहिली आहे, बाकी काही नाही विचारत, तुझी शप्पथ. त्या दिवशी खुर्चीत बसला होता तेव्हा, शून्यावर, तुले खरंच जास्त ऐकू आलं होतं का गा?